पाटे वाढले, पासिंग नाही

लासलगाव असो, नारायणगाव असो की बारामती, बाजाराच्या गावात शिरणाऱ्या रस्त्यावर कमान-पाट्याचे काम करणारी दुकाने हमखास दिसतात. नवी घेतलेली पिकअप हौद्याचे आणि ताडपत्रीचे काम उरकून पुष्कळदा थेट अशाच एखाद्या दुकानापुढे उभी राहते. मागच्या दोन्ही पाट्यांत एकेक, दोनदोन जाड पाने वाढवली जातात. काही वेळा एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसतो, लांब यू-बोल्ट आवळले जातात आणि गाडीची मागची बाजू दोन-तीन इंच वर येते. अर्ध्या दिवसाचे काम, खर्चही बेताचा, आणि दीड टन पासिंगची गाडी अडीच टन उचलायला तयार झाली असे सगळे धरून चालतात. ही पद्धत इतकी रुळली आहे की मालक, मेकॅनिक, माल भरणारा व्यापारी आणि गाडी तपासणारा अधिकारी यांपैकी कोणालाच तिच्यात वावगे वाटत नाही. माझे म्हणणे असे, की ती थांबली पाहिजे. पाटे वाढवल्याने गाडीची क्षमता वाढत नाही. ओझे जास्त झाले आहे ही गाडी देत असलेली खूण तेवढी मिटते. ती मिटवण्याची गरज जिथे जन्माला येते त्या बाजाराच्या दारातच इलाज करावा लागेल. ड्रायव्हरला रस्त्यात अडवून पावती फाडल्याने आजवर फारसा फरक पडलेला नाही, पुढेही पडणार नाही.

पिकअप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी उंच असते. रिकामी गाडी शेजारून पाहिली तर ती नाक खाली घालून उभी आहे असे वाटते. तो दोष नव्हे. हौद्यात पासिंगइतका माल भरला की पाटे दबतात, मागची बाजू खाली येते आणि गाडी साधारण समतल होते. ब्रेक, हेडलाइट आणि स्टिअरिंग यांचे गणित याच खालीवर होण्याला धरून मांडलेले असते. पाट्याची वरची पाने सतत काम करतात. खालचे जाड हेल्पर पान ओझे वाढल्यावरच वरच्या पानांना भिडते. रिकाम्या गाडीला लागणारा मऊपणा आणि भरलेल्या गाडीला लागणारा कडकपणा अशी दोन्ही कामे एकाच पाट्याकडून करून घेण्याची ही जुनी आणि हुशार रचना आहे. माल पासिंगच्या पुढे गेला की मात्र मागची बाजू समतलाच्याही खाली जाते, नाक वर होते, स्टिअरिंग हलके लागते आणि खड्ड्यात एक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. ‘गाडी बसली’ असे ड्रायव्हर म्हणतात ते हेच. ही गाडीची तक्रार आहे आणि ती अगदी नेमकी आहे. जादा पान टाकले की तक्रार बंद होते, ओझे तिथेच राहते.

आकड्यांत पाहू. टोमॅटोचे भरलेले कॅरेट सगळे मिळून बावीस किलोंच्या आसपास धरले, तर १,३०० किलो पासिंगच्या पिकअपमध्ये साठेक कॅरेट बसतात. पाटे वाढवलेल्या गाडीत शंभर भरली तर हौद्यात २,२०० किलो होतात, म्हणजे ९०० किलो जास्त. गाडीचे स्वतःचे वजन धरून जिथे तीन टन रस्त्यावर यायला हवे होते तिथे ३.९ टन येतात. हौदा मागच्या चाकांवर असल्यामुळे या जादा ओझ्याचा बहुतेक भार एकट्या मागच्या एक्सलवर पडतो. आता वाढलेले काय ते पाहा: फक्त पाटा. एक्सलची नळी, चाकांचे बेअरिंग, ड्रम, टायर, चेसिसचे लांब पट्टे, क्लच आणि गिअरबॉक्स हे सगळे पूर्वीचेच आहे. प्रत्येक टायरच्या बाजूला त्याने किती किलो किती हवेवर पेलायचे याचा अंक छापलेला असतो. पाट्यात पाने टाकल्याने तो अंक बदलत नाही. जास्त दबलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकल्यामुळे तापतो, आणि एप्रिल-मेच्या डांबरावर तो तसाच तापत राहिला तर फुटतो. हमालाने कंबरेला पट्टा आवळला म्हणून त्याच्या गुडघ्यांची ताकद वाढत नाही. इथेही एक सांधा मजबूत करून बाकीच्या सगळ्या सांध्यांवर जास्त भार टाकला आहे.

ब्रेकचे प्रकरण याहून गंभीर आहे आणि त्याची माहिती फार थोड्या मालकांना असते. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक वॉल्व्ह बसवलेला असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातले अंतर तो एका दांडीच्या साहाय्याने सतत मोजतो. अंतर जास्त असेल तर गाडी रिकामी आहे असे समजून तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी लावतो, कारण रिकाम्या गाडीची मागची चाके जोरात ब्रेक लागताच जाम होऊन घसरतात. अंतर कमी झाले, म्हणजे गाडी भरून खाली बसली, की तो मागच्या ब्रेकला पूर्ण दाब देतो. सगळा हिशेब या अंतरावर चालतो. जादा पानांनी किंवा ठोकळ्याने हे अंतर वाढवले की वॉल्व्हला चुकीची बातमी मिळते. हौद्यात २,२०० किलो असताना त्याच्या लेखी गाडी जेमतेम भरलेली असते, आणि मागची चाके सर्वांत जास्त पकड देऊ शकत असतात नेमके तेव्हाच त्यांच्या ब्रेकचा दाब कमी राहतो. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर जातो. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ती दांडी बांधून टाकतात किंवा काढूनच टाकतात. मग उलटे होते: परतीच्या रिकाम्या खेपेला, ओल्या रस्त्यावर, पहिल्याच जोरकस ब्रेकला मागची चाके अडकतात आणि गाडी आडवी फिरते.

आता ही गाडी माळशेज किंवा कसारा घाट उतरते आहे असे धरा. उतारावर मुरवावी लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, ३.९ टनांची गाडी त्याच घाटात, त्याच वेगाने उतरताना ब्रेकमध्ये तीन टनांच्या गाडीपेक्षा तीस टक्के जास्त उष्णता तयार करते. ड्रम तापून फुगला की लायनरची पकड सुटत जाते. ड्रायव्हर पेडल दाबतो, पेडल खाली जाते, गाडी मात्र तितकी थांबत नाही. त्यात भारकेंद्र वर गेलेले असते: एक तर गाडी उचलली म्हणून, आणि दुसरे, जादा कॅरेट वरच्या थरांत रचली म्हणून. गाडी कलंडायला किती आडवा जोर लागेल याचे गणित साधे आहे. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला भारकेंद्राच्या उंचीने भागायचे. ते अंतर १.४ मीटर आणि भारकेंद्र ९० सेंटिमीटरवर असेल तर उत्तर ०.७८ येते, भारकेंद्र फक्त दहा सेंटिमीटर वर गेले की ते ०.७० वर उतरते. कडक पाट्यांमुळे वळणावर गाडी कमी झुलते हे खरे आहे, आणि पाटे वाढवल्यावर गाडी जास्त ‘जमून’ चालते असे ड्रायव्हर सांगतात तेही खोटे नाही. पण झुलणे ही देखील सूचनाच होती. कमी झुलणारी आणि लवकर कलंडणारी गाडी ड्रायव्हरला सावध व्हायला वेळ देत नाही.

परतीच्या रिकाम्या खेपेचा विचार तर कोणी करतच नाही, आणि दोनच चाकांना ओढ असलेल्या गाडीला तिथे सगळ्यात जास्त त्रास होतो. आपल्याकडच्या बहुसंख्य मालवाहू पिकअपना इंजिनाची ओढ फक्त मागच्या चाकांवर मिळते. हौदा रिकामा असला की त्याच चाकांवर सगळ्यात कमी वजन असते. पाटा मऊ असेल तर चाक खड्ड्यात उतरते, उंचवट्यावर चढते, जमीन धरून ठेवते. अडीच टनांसाठी कडक केलेला पाटा रिकाम्या गाडीखाली जवळजवळ लोखंडी पट्टीसारखा वागतो. चाक उडते, जमीन सुटते आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावर गाडी जागच्या जागी चाके फिरवत चिखलात रुतते. ज्या शेतरस्त्यासाठी गाडी उंच केली, त्याच रस्त्यावर तिची पकड कमी झालेली असते. शिवाय मागची बाजू फार वर गेली की गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस जॉइंट लवकर वाजू लागतो आणि वेग घेतल्यावर गाडीत थरथर जाणवते.

हेडलाइटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण हिशेब करून पाहावा. पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सुमारे तीन मीटर असते. मागची बाजू तीन इंच, म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर उचलली की सबंध गाडी अडीच टक्क्यांनी पुढे झुकते. जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असलेला आणि एक टक्का खाली रोखलेला डिपर नव्वद मीटरपर्यंत पोचत असेल, तर या झुकावाने तो सव्वीस मीटरच्या आसपासच जमिनीला टेकतो. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर कापते. म्हणजे रस्त्यात उभा असलेला बिनदिव्यांचा ट्रॅक्टर दिसल्यावर ड्रायव्हरच्या हातात दीड सेकंद उरतो. मग तो अप्पर लावून गाडी हाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अपघाताच्या नोंदीत याचे कारण ‘ड्रायव्हरचा निष्काळजीपणा’ एवढेच उरते.

उंचीच्या हौसेचाही उल्लेख करायला हवा, कारण शहरांत ती वाढते आहे. इसुझू व्ही-क्रॉससारखी गाडी चारही चाकांच्या ओढीसाठी ओळखली जाते, पण तिचा दोन चाकांच्या ओढीचा प्रकारही बाजारात आला. अशा गाडीला पुढून-मागून उचलून मोठे टायर लावले की ती चारचाकी ओढीच्या गाडीसारखी दिसते. पुढच्या चाकांना ओढ मात्र मिळत नाही. अमेरिकेत पिकअपचे पुढचे नाक उचलून तिला समतल करण्याचा रिवाज जुना आहे, आणि नाक मागच्या बाजूपेक्षाही वर नेण्याची फॅशन इतकी बोकाळली की नॉर्थ कॅरोलायना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून तिच्यावर बंदी आणली. त्या कायद्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे मोजमाप: पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा त्याहून जास्त असेल तर गाडी बेकायदा. टेप लावा, आकडा वाचा, वाद संपला. आपल्या कायद्यात दंड भरपूर आहे, असे मोजमाप मात्र नाही.

आपला कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले आणि मान्यता मिळालेल्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जादा मालासाठी कलम १९४ खाली वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. कागदावर याहून कडक काय हवे? अडचण वेगळीच आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचे रिकामे वजन, भरलेले वजन, चाकांतले अंतर असते. पाट्यात पाने किती, मागची उंची किती हे नसते. योग्यता प्रमाणपत्रासाठी गाडी रिकामी नेली जाते आणि रिकाम्या गाडीचे ब्रेक, ती कितीही उचललेली असली, बऱ्यापैकी लागतात. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीची ही तपासणी दोन वर्षांतून एकदा आणि त्यापुढे दरवर्षी होते. तेवढ्या वेळा सरकारी नजरेखालून जाऊनही जादा पान कोणाला दिसत नाही, कारण ते मोजायला कोणी सांगितलेलेच नाही.

पाटे वाढवणाऱ्यांची बाजू ऐकलीच पाहिजे, कारण ती पोकळ नाही. पहिले म्हणणे असे, की कंपनी पासिंग मुद्दाम कमी लिहिते, गाडीत दम बराच असतो. कंपनी काही राखीव ठेवते हे खरे. पण ती राखीव ताकद खड्ड्यांसाठी असते. वेगात खड्डा लागला की एक्सलवर क्षणभर पडणारा भार उभ्या गाडीच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि असे आचके हजारो वेळा बसून धातू थकतो. आज भरलेला जादा माल आजच एक्सल मोडत नाही म्हणून तो पेलला असे वाटते. भेग मात्र चेसिसमध्ये सावकाश वाढत असते. याच धाग्यातला दुसरा दावा असा, की सरकारनेच २०१८ मध्ये वजनाची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. ती वाढ अवजड वाहनांच्या एक्सलवर रस्त्याने किती भार सोसायचा याच्या कमाल मर्यादेची होती. एखाद्या पिकअपने किती उचलायचे हे तिच्या मान्यताप्राप्त एकूण वजनावरच ठरते आणि त्यात त्या अधिसूचनेने काही भर पडलेली नाही.

रस्त्यांबद्दलची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. पाने मोडतात, सेंटर बोल्ट तुटतो, आणि मोडलेल्या पाट्याची गाडी मालासकट रस्त्यात अडकली की त्या दिवसाचा बाजार बुडतो. पण मोडलेल्या पानाच्या जागी तसेच पान बसवणे हे दुरुस्तीचे काम आहे आणि कमान-पाट्याच्या कारागिरांचे त्यात पिढ्यांचे कसब आहे. त्याला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. जादा पानाने खड्डा नाहीसा होत नाही. पाट्याने शोषायचा धक्का पुढे चेसिसमध्ये, ड्रायव्हरच्या पाठीत आणि मालात जातो. अर्धी भरलेली गाडी कडक पाट्यांवर आणली तर तळच्या कॅरेटमधला टोमॅटो किती फुटतो, द्राक्षाचे मणी किती गळतात, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशांचा आहे. डिझेल महाग, टोल आहे, गाडीचा हप्ता दर महिन्याला कापला जातो, आणि अनेक ठिकाणी भाडे कॅरेटमागे किंवा गोणीमागे ठरते. साठ कॅरेट नेणारा मालक शंभर नेणाऱ्यासमोर टिकणार कसा? मी नियम पाळला तर उद्या शेजारच्याची गाडी लागेल आणि माझी दारात उभी राहील, हे त्याचे म्हणणे एकेकट्या माणसाच्या जागी उभे राहून पाहिले तर बिनतोड आहे. मोठा ट्रक शेताच्या बांधापर्यंत जात नाही, पिकअप जाते. म्हणून तिला पर्यायही नाही. पण हेच गणित सगळ्यांनी केले की काय होते ते पाहावे. सगळ्या गाड्या शंभर कॅरेट नेऊ लागल्या की बाजारात भाड्याचा दर शंभर कॅरेटच्या हिशेबाने ठरतो. कॅरेटमागचा दर खाली येतो आणि खेपेची एकूण कमाई पूर्वी साठ कॅरेटला मिळत होती तिच्याच आसपास येऊन थांबते. जादा चाळीस कॅरेटचा फायदा भाडे देणाऱ्याच्या खिशात जातो. टायर, क्लच, बेअरिंग, ब्रेक लायनर आणि अपघाताचा धोका मालकाच्या वाट्याला राहतो. अपघात झालाच तर बदललेली आणि जादा भरलेली गाडी हे विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते. म्हणजे ज्या पोटासाठी पाटे वाढवले, त्याच पोटावर पाय येतो. या स्पर्धेतून एकट्याने बाहेर पडणे कोणालाच शक्य नाही, आणि म्हणूनच नियम सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच दारात लागू झाला पाहिजे.

ते दार बाजार समितीचे आहे. माल तिथे भरला जातो, माणसे तिथे असतात, बहुतेक मोठ्या आवारांत किंवा त्यांच्या लगत वजनकाटा असतो. कलम १९४ ची भाषा फक्त गाडी चालवणाऱ्यापुरती नाही. जादा वजनाची गाडी जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो तोही त्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच स्पष्ट केले आहे की दंड भरला म्हणून जादा ओझ्यासह पुढे जाण्याची मुभा मिळत नाही, जादा माल उतरवलाच पाहिजे. मग माल भरून देणाऱ्या आडत्याच्या, व्यापाऱ्याच्या पावतीवर गाडीचे पासिंग आणि भरलेले वजन ही दोन्ही नोंदवण्याची सक्ती का नसावी? महामार्गावर रात्री दोन वाजता टोमॅटो उतरवून घेणे कोणत्याही अधिकाऱ्याला जमणारे नाही. त्यात नाशवंत मालाचे नुकसान शेतकऱ्याचे होते. आवारात, हमाल हजर असताना, शेजारी दुसरी गाडी उभी असताना ते काम अर्ध्या तासाचे आहे. काट्यावर अडकणारी गाडी उंच आहे की बसकी, तिच्या पाट्यात पाने किती, याने काही फरक पडत नाही. आणि जादा माल भरताच येणार नसेल तर जादा पानांवर कोणी पैसे घालणार नाही.

परिवहन विभागाकडून मागणी फार थोडी आहे. प्रत्येक मॉडेलच्या मागच्या पाट्यातली पानांची संख्या आणि रिकाम्या गाडीची मागची उंची उत्पादकाकडून घेऊन दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर कोरून घ्यावी आणि योग्यता तपासणीत ती टेपने मोजावी. दोन टन माल नेण्याची खरी गरज ज्यांना आहे त्यांच्यासाठी बाजारात गाड्या आहेत. टाटाने सप्टेंबर २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा २.० आणली, महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही दोन टनांपर्यंतचा पर्याय मिळतो. अशा गाडीचे वाढीव वजन पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत संस्थेच्या चाचणीतून मान्य व्हावे लागते, आणि तिथे पाट्याबरोबर ब्रेकचीही परीक्षा होते. ती गाडी महाग पडते हे मान्य. पण कर्ज देणाऱ्या बँका आणि पतसंस्था कमी पासिंगच्या गाडीचा हप्ता जादा मालाच्या कमाईवर बेतू देतात, तेव्हा त्याही या ओझ्यात सहभागी असतात.

एक गोष्ट आणखी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. छोट्या वाहनमालकांना त्याने मोठा दिलासा मिळाला आणि तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की नुकताच परवाना मिळालेला, भरलेल्या गाडीवर घाट उतरण्याचे कसलेही प्रशिक्षण नसलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा उद्या या उचललेल्या, जादा भरलेल्या, ब्रेकचा हिशेब चुकलेल्या पिकअपच्या स्टिअरिंगवर कायदेशीरपणे बसलेला असेल. गाडी त्याला कोणतीही खूण देणार नाही, कारण ती आपण आधीच काढून टाकली आहे. म्हणून पुढच्या हंगामाची वाट न पाहता प्रत्येक बाजार समितीने एक ठराव करावा: आवारातून बाहेर पडणारी प्रत्येक भरलेली पिकअप काट्यावरून जाईल, आणि पासिंगच्या वरचा माल तिथेच, भरणाऱ्याच्या खर्चाने, दुसऱ्या गाडीत चढेल.